खेडे, निमशहर की शहर? : मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या जागानिवडीचा इतिहास, नेकनूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेकडे, म्हणजेच नॅककडे, महाविद्यालयाला जो स्वयंमूल्यमापन अहवाल पाठवावा लागतो, त्यात परिसराचे स्थान विचारणारा एक रकाना असतो. शहरी, निमशहरी, ग्रामीण, आदिवासी, डोंगरी यांपैकी एक शब्द निवडायचा, जागा किती एकर ते लिहायचे आणि पुढच्या रकान्याकडे वळायचे. अहवाल तयार करणाऱ्या समितीला या रकान्यावर चर्चा करावी लागत नाही. महाविद्यालय कोणत्या गावी आहे हे सर्वांना ठाऊकच असते. ते त्या गावी का आहे, आणि तेथे असल्यामुळे कोण शिकू शकले व कोण शिकू शकले नाही, हा प्रश्न मात्र त्या रकान्यात मावणारा नाही. प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या, विशेषतः बीड जिल्ह्याच्या, संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

या अभ्यासासाठी नेकनूर हे गाव सोयीचे ठरते. बीड तालुक्यातील हे मोठे बाजाराचे गाव बालाघाटाच्या पठारावर, मांजरसुंब्याहून केजमार्गे अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. बीड येथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, अंबाजोगाई त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर, तर औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) दीडशे किलोमीटरच्या आसपास. गाव लहान वस्ती म्हणावे असे नाही आणि त्याला नगर म्हणावे असेही नाही. उच्च शिक्षणाची जागा गेल्या शंभर वर्षांत कसकशी सरकत गेली हे अशा गावच्या वेशीवर उभे राहून पाहिले, तर 'ग्रामीण' आणि 'शहरी' या शब्दांचा अर्थ काही वेगळाच दिसू लागतो.

हैदराबादची वाट

निजामी राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयाच्या जागेची निवड असा प्रश्नच नव्हता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले, परंतु पदवीसाठी हैदराबाद गाठावेच लागे. म्हणजे नेकनूरच्या मराठी मुलाला पदवीधर व्हायचे तर आधी भाषा बदलावी लागे, मग गाव सोडावे लागे आणि शेवटी परक्या शहरात दोन वेळच्या जेवणाची सोय लावावी लागे. या तिन्हींत सर्वांत अवघड कोणते होते? आठवणींतून व चरित्रांतून जे चित्र उभे राहते, त्यावरून तिसरे, असेच उत्तर द्यावे लागते.

जेवणाच्या सोयीसाठी मराठी समाजाने एक जुनी युक्ती शोधलेली होती. गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा 'वार लावून' जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरांत वाटून घेतलेले असत. त्या काळची ही शिष्यवृत्तीच होती. परंतु ती जातीच्या चौकटीत बांधलेली होती. ज्याच्या पंगतीला बसता येत नाही त्याच्याकडे वार लागत नाही. ब्राह्मण विद्यार्थ्याला शहर जसे आणि जितके उपलब्ध होते, तसे ते शेतकऱ्याच्या मुलाला नव्हते आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला तर मुळीच नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारली आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, त्यामागे हीच जाण होती. या दोघांनीही महाविद्यालयाच्या कितीतरी आधी वसतिगृहाचा विचार केला, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत नमूद असते. तिच्यातून जागानिवडीविषयी काही निष्पन्न होते, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही.

मराठवाड्यात या काळात एक वेगळा प्रयोग झाला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, काही वर्षे तेथे मुख्याध्यापक होते. सरकारी नजरेपासून दूर, गुरू-शिष्यांनी एकत्र राहावयाचे, असे तिचे स्वरूप होते. १९३५ मध्ये स्वामीजी आपल्या काही सहकाऱ्यांसह मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाला त्यांनी नवे रूप दिले. खेड्यातून छावणीच्या गावी झालेले हे स्थलांतर मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाचे आहे. खेड्याने शाळेला निर्वेध एकांत दिला होता. अंबाजोगाईने बाजारपेठ, वकील, व्यापारी, देवस्थान आणि चारही दिशांनी येणारे रस्ते दिले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्त्यांचा जो पुरवठा या गावाने केला, तो हिप्परग्याच्या एकांतातून तितक्या प्रमाणात झाला असता असे वाटत नाही.

१९३८ ची वंदे मातरम् चळवळ या संदर्भात आठवावी लागते. औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, शासनाने तो मोडून काढला, आणि काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना पुढे नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. चळवळीची ठिणगी वसतिगृहात पडली हे योगायोगाने घडलेले नाही. गावोगावची मुले एका छपराखाली रात्र काढतात तेथेच असे काही सुरू होऊ शकते. दिवसा तास करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालय या अर्थाने अपुरेच असते.

एकाच संस्थापकाच्या दोन जागा

पोलीस कारवाईने सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५० मध्ये मराठवाड्यात दोन महाविद्यालये निघाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. यांपैकी दुसऱ्याच्या जागेचा विचार येथे सविस्तर करणे आवश्यक आहे.

डॉ. आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली व दुसऱ्याच वर्षी, जून १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते शहराच्या अगदी मध्यभागी, कचेऱ्यांच्या परिसरात होते. तेथील सकाळचे वर्ग विशेष प्रसिद्ध होते, कारण कारकुनी करणाऱ्या, गोदीत वा गिरणीत कामाला असणाऱ्या तरुणाला कामावर जाण्यापूर्वी तास करता येत. अशा विद्यार्थ्यासाठी शहराबाहेरच्या रम्य परिसराचा काही उपयोग नव्हता. त्याची नोकरी फोर्टात होती, म्हणून महाविद्यालयही फोर्टात हवे होते. तो राहत होता चाळीत. ती कशीही असली तरी त्याच्या डोक्यावर छप्पर होते.

चारच वर्षांनी त्याच संस्थापकाने औरंगाबादला नेमका उलटा निर्णय घेतला. गुलमंडीसारख्या भर वस्तीत वाडा भाड्याने घेणे शक्य होते. त्याऐवजी गावाबाहेर, छावणी व पाणचक्कीच्या बाजूला, विस्तीर्ण मोकळी जमीन घेण्यात आली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले आणि महाविद्यालयाला मिलिंद. प्रश्न विचारणारा यवन राजा मिनँडर आणि उत्तरे देणारा भिक्खू नागसेन यांच्या संवादाची आठवण या दोन नावांत आहे. इमारतींबरोबर वसतिगृहे आली, झाडे लावली गेली, प्राध्यापकांची निवासस्थाने उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक लाभले.

मुंबईला भर शहर आणि औरंगाबादला शहराबाहेरचे माळरान, हा विरोधाभास नाही. दोन्ही निर्णयांमागे एकच विचार होता, असे म्हणावे लागेल. मराठवाड्यातील ज्या विद्यार्थ्यासाठी हे महाविद्यालय काढले जात होते, त्याला औरंगाबाद शहरात नोकरी नव्हती, नातेवाईक नव्हते, त्याच्यासाठी वार लागणार नव्हते आणि भाड्याची खोलीही सहजासहजी मिळणार नव्हती. खोली मागताना जात विचारली जाणार होती. तेव्हा त्याच्यासाठी महाविद्यालय काढायचे म्हणजे पलंग, ताट, दिवा आणि अभ्यासाची जागा यांसह काढायचे. त्याला जमीन लागते, आणि तेवढी जमीन गावाबाहेरच मिळते. जागेची निवड विद्यार्थ्याच्या मुक्कामाच्या प्रश्नातून झाली होती. निसर्गरम्यतेचा मोह हा त्यातील दुय्यम भाग होता.

हे महाविद्यालय एखाद्या खेड्यात का काढले नाही, असाही प्रश्न विचारता येतो. त्या काळी राष्ट्रीय पातळीवर वारे उलट दिशेने वाहत होते. डॉ. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. परंतु डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना खेड्याच्या गौरवीकरणाला स्पष्ट विरोध केला होता. गावकुसाबाहेरून आलेल्या मुलाला पुन्हा एका गावकुसाशेजारीच शिकायला पाठवणे त्यांना पटणारे नव्हते. नागसेनवन शहराचा भाग नव्हते आणि खेडेही नव्हते. तेथे येणाऱ्याला कोणत्याही जुन्या वस्तीच्या रचनेत आपली ठरलेली जागा घ्यावी लागत नव्हती. महाविद्यालय सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना खुले होते, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. पुढे म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांसारखे अध्यापक तेथे आले आणि दलित साहित्याच्या चळवळीचे एक केंद्र या परिसरात तयार झाले. एकत्र राहणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांशिवाय ते घडणे कठीण होते.

'उपनगर' किती दिवस टिकते?

शहराबाहेर जागा घेण्याची ही प्रथा मराठवाड्याबाहेर जुनीच होती. १८८५ मध्ये सुरू झालेले फर्ग्युसन महाविद्यालय पुण्याच्या पेठेतील वाड्यातून १८९० च्या दशकात नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर गेले. त्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय सांगली आणि मिरज या दोन गावांच्या मधोमध काढले. दोन्ही ठिकाणी आज चहूबाजूंनी शहर आहे. नागसेनवनाचेही तेच झाले. १९५१ मध्ये जे गावाबाहेर होते ते आज शहराच्या गर्दीत आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा औरंगाबाद लेण्यांच्या पायथ्याचा सातशेहून अधिक एकरांचा परिसरही आता शहराच्या कडेला राहिलेला नाही. म्हणून अहवालातील 'निमशहरी' हा शब्द एखाद्या कायम गुणासारखा वाचू नये. तो बहुधा एका पिढीपुरता खरा असतो.

खेड्यातच उच्च शिक्षण न्यावे या विचाराचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न गारगोटीला झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावी जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने मौनी विद्यापीठ उभे राहिले, आणि १९५६ च्या ग्रामीण उच्च शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत तेथे, तसेच अमरावतीला, ग्रामीण संस्था सुरू झाल्या. अभ्यासक्रम शेती, सहकार, ग्रामीण स्थापत्य असे गावाच्या गरजेचे होते. त्यांच्या पदविकांना मात्र नोकरीच्या बाजारात विद्यापीठीय पदवीचे मोल मिळाले नाही आणि अशा बहुतेक संस्था पुढे नेहमीच्या विद्यापीठीय साच्यात आल्या. खेड्यातील विद्यार्थ्याला खेड्यापुरते शिक्षण नको होते, हा या प्रयोगाचा बोध पुढच्या धोरणकर्त्यांनी फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही.

जिल्ह्याचे गाव आणि एस.टी.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याच सुमारास उच्च शिक्षणाची जागा औरंगाबाद-नांदेडहून जिल्ह्याच्या गावी सरकली. बीडला १९६० मध्ये बलभीम महाविद्यालय सुरू झाले. लातूरला १९६१ मध्ये दयानंद आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या पाल्यांना फी माफ झाली. बाराशे रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्न ही तिची मर्यादा त्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात आहे. फीचा अडसर दूर झाल्यावर नेकनूर परिसरातील शेतकऱ्याच्या मुलासाठी बीड प्रथमच आवाक्यात आले.

आवाक्यात आले म्हणजे काय झाले, हे नीट पाहिले पाहिजे. फी माफ होती, खोलीचे भाडे माफ नव्हते. तेव्हा दोन वाटा निघाल्या. एक, चार-पाच मुलांनी मिळून खोली करायची. गावाकडून ज्वारीचे पीठ, तूरडाळ, चटणी यायची आणि स्वयंपाकाच्या पाळ्या लागायच्या. अनेक घरांनी एस.टी.च्या वाहकाकडे भाकरीचे डबे देऊन मुले शिकवली. सकाळी गावच्या थांब्यावर चढलेला डबा दुपारपर्यंत बीडच्या स्थानकावर उतरे. दुसरी वाट म्हणजे रोजचे जाणे-येणे. सवलतीचा मासिक पास काढायचा, पहाटे निघायचे, संध्याकाळी परतायचे. या दुसऱ्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय बसच्या वेळापत्रकाने ठरे. शेवटच्या तासाला बसायचे तर गाडी चुकते, गाडी धरायची तर प्रात्यक्षिक बुडते. ग्रंथालय दुपारनंतर उघडे असल्याचा त्याला उपयोग नव्हता. वक्तृत्व, नाटक, सायंकाळची मैदाने हे सारे खोली करून राहणाऱ्यांच्या वाट्याचे. एकाच वर्गात एका बाकावर बसणारे दोन विद्यार्थी दोन वेगळ्या महाविद्यालयांत शिकत असत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुलींना या दोन वाटांपैकी पहिली बहुधा बंद होती. भाड्याच्या खोलीत मुलीला एकटी ठेवण्यास घरचे तयार नसत. दुसरी वाट उघडी होती ती गाडी वेळेवर असेल आणि अंधार पडण्याआधी परत येत असेल तोवरच. मांजरसुंब्याचा घाट चढून येणारी संध्याकाळची बस हा नेकनूर परिसरातील कित्येक मुलींच्या शिक्षणाचा खरा आधार होता, आणि ती रद्द झाल्याच्या तीन-चार संध्याकाळी शिक्षण थांबवायला पुरेशा होत्या.

महाविद्यालय गावात आले

१९८० च्या दशकापासून विनाअनुदान धोरणामुळे आणि पुढे विद्यापीठांच्या बृहत् आराखड्यांतील 'बिंदूं'मुळे महाविद्यालये तालुक्याच्या आणि त्याखालच्या बाजारगावांपर्यंत पोचली. या विस्ताराची थट्टा करण्याची पद्धत शहरी प्राध्यापकवर्गात आहे. पत्र्याच्या खोल्या, कपाटभर ग्रंथालय, तासिका तत्त्वावरचे अध्यापक, कागदावरची हजेरी, ही चित्रे सर्वस्वी खोटीही नाहीत. तथापि या थट्टेत एक गोष्ट नजरेआड होते. गावात महाविद्यालय आल्यामुळे मुलगी शिकली. बसची वाट पाहावी लागली नाही, खोलीचा प्रश्न आला नाही, शेजारच्या चार मुलींबरोबर चालत जाता आले. जी मुलगी बारावीनंतर उन्हाळ्यातच सासरी गेली असती, ती पदवीपर्यंत थांबली. ग्रामीण महाविद्यालयाच्या बाजूने याहून मोठा पुरावा देता येत नाही.

परंतु याच ठिकाणी एक नवी विषमता तयार झाली. अशा महाविद्यालयांची सुरुवात बहुतांशी कला शाखेने होते, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही. विज्ञान शिकायचे तर बीड, आणि वैद्यकीय वा अभियांत्रिकीच्या प्रवेशाची आशा असेल तर नेकनूरवरूनच जाणाऱ्या रस्त्याने अंबाजोगाई ओलांडून लातूर. १९९० च्या दशकात 'लातूर पॅटर्न'चा गाजावाजा झाल्यापासून या रस्त्याने दरवर्षी जूनमध्ये ट्रंका आणि गाद्या जातात. मुलाला लातूरला ठेवायचे आणि मुलीला गावातच कला शाखेत घालायचे, असा हिशेब एकाच घरात मांडला जातो. जागेची निवड येथे शाखेची निवड होऊन बसते. 'ग्रामीण परिसर' या शब्दाखाली हे सारे झाकले जाते.

अध्यापकांचा विचारही टाळता येणार नाही, तो काहींना अप्रिय वाटला तरी. ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापक त्या गावी राहतो काय? बहुतेक ठिकाणी तो जिल्ह्याच्या गावी घर बांधतो आणि 'अप-डाऊन' करतो. त्याच्या मुलांना शाळा हवी असते, पत्नीची नोकरी शहरात असते, दवाखाना जवळ हवा असतो. ही कारणे खरी आहेत. परिणाम असा की, दुपारी दोन-अडीचनंतर महाविद्यालयाच्या परिसरात शिपायाखेरीज कोणी उरत नाही. विद्यार्थी गावचे, शिक्षक शहरचे. पूर्वी विद्यार्थ्याला बस धरण्याची घाई असे, आता ती शिक्षकाला असते. नागसेनवनात प्राध्यापकांची निवासस्थाने वसतिगृहांच्या हाकेच्या अंतरावर का बांधली गेली, याचे उत्तर यातून मिळते.

येथे नेकनूरच्या इतिहासातील एका व्यक्तीचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. वारकरी संप्रदायातील थोर कीर्तनकार बंकटस्वामी महाराज यांचे संस्थान नेकनूरला आहे. आळंदीला १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या विष्णुबुवा जोग महाराजांच्या शिष्यपरंपरेतील ते अग्रणी होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय बीड शहरात आहे. गावाने नाव दिले आणि जिल्ह्याच्या गावाने इमारत, असा हा व्यवहार मराठवाड्यात नवीन नाही. विशेष लक्षणीय आहे ती आळंदीच्या संस्थेची रीत. खेड्यापाड्यांतील मुले तेथे येऊन चार वर्षे राहतात, माधुकरीवर वा संस्थेच्या आधारावर जेवतात, पखवाजाच्या साथीने पाठ घोकतात आणि कीर्तनकार होऊन गावी परततात. आधुनिक महाविद्यालयाने ज्या प्रश्नाकडे वारंवार पाठ फिरवली, तो मुक्कामाचा प्रश्न या पारंपरिक संस्थेने पहिल्या दिवशीच सोडवला होता. अर्थात तेथे दीर्घकाळ मुलींना स्थान नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

अलीकडची दोन दशके

शासनाच्या योजनांत परिसराच्या स्थानाला थेट रुपयांत किंमत मिळाली आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या महानगरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि उर्वरित ठिकाणांसाठी ४३,००० रुपये असे दर ठरले. शहर महाग असते, तेव्हा दरांतील फरक योग्यच आहे. परंतु आरंभी ही योजना शहराच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतील महाविद्यालयांपुरती मर्यादित होती. पुढे तिची व्याप्ती वाढवण्यात आली. मूळ नियमामागील गृहीतक मात्र बोलके आहे. घर सोडून शिकणारा विद्यार्थी शहरातच जाणार, हे त्यात धरून चाललेले होते. डोंगरातल्या वाडीतून वा तांड्यावरून नेकनूरसारख्या बाजारगावी येऊन राहणारा विद्यार्थी त्या नियमाच्या कल्पनेत नव्हता.

२०२१-२२ या वर्षाने बसवर उभे असलेल्या शिक्षणाची कसोटी पाहिली. कोरोनाच्या दीर्घ खंडानंतर राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्यक्ष उघडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. जवळजवळ संपूर्ण शैक्षणिक वर्ष पास असूनही गाडी नव्हती. खासगी जीपचे दर देणे ज्यांना शक्य होते ते गेले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि मुलींच्या जाण्या-येण्याला तिचा निश्चितच हातभार लागला. सवलत मात्र धावणाऱ्या गाडीतच मिळते.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कोणत्याही परिसरनिवडीच्या चर्चेत अग्रभागी यायला हवी, ती म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटावरील गावांतून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाच्या पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच सुमारास येते. विद्यार्थ्याचे घर त्या वेळी घर राहत नाही. त्याला कुलूप लागते, किंवा म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ते उरते. अशा विद्यार्थ्यासाठी महाविद्यालय गावातच आहे याचा अर्थ काय? सहा महिने त्याचे कुटुंब त्या गावात नसते. आई-बापांबरोबर कोयत्यावर जावे, की रिकाम्या घरात स्वतः भाकरी थापून परीक्षा द्यावी, हा निर्णय अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलीला दर हिवाळ्यात घ्यावा लागतो. मुलीला तर रिकाम्या घरी ठेवण्यापेक्षा तिचे लग्न लावून देणे पालकांना सुरक्षित वाटते, आणि त्याचे परिणाम जिल्ह्याला ठाऊक आहेत.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. राज्यातील ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे तिच्यात धरली आहेत. तिचा रोख मुख्यतः शालेय वयावर आहे. शाळेनंतर याच मुलांचे काय, हा प्रश्न महाविद्यालयांच्या दारात येऊन थांबतो, आणि बाजारगावच्या बहुतेक महाविद्यालयांकडे वसतिगृहाची इमारत नाही. कोठे ती आहे, तर मुलींच्या वसतिगृहासाठी मिळालेल्या अनुदानातून बांधलेली, आणि अधीक्षिका व खाणावळीअभावी बंद राहिलेली. सत्तर वर्षांपूर्वी नागसेनवनात इमारतीच्या आराखड्याबरोबर खाणावळीचाही विचार झाला होता.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अनेक दशकांची ही मागणी पूर्ण झाल्यामुळे बीडच्या विद्यार्थ्याला पुण्याची वाट थोडी सोपी होईल, आणि बीडमधील महाविद्यालयांचे 'निमशहरी' स्थान आणखी काही वर्षांत बदलेलही. नेकनूरच्या विद्यार्थ्याला त्या रेल्वेपर्यंत पोचण्यासाठी आधी मांजरसुंब्याचा घाट उतरणारी सकाळची बस गाठावी लागते.